कुरकुर ऐकली, तरच कुलूप टिकेल

काटोल तालुक्यातल्या एखाद्या संत्रा बागायतदाराच्या फोनमध्ये आज किती कुलपे आहेत, याची एकदा मोजदाद करायला हवी. बँकेचे ॲप, फळपीक विम्याचे खाते, ठिबकच्या अनुदानाचा अर्ज, मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीचे खाते, रेल्वेचे तिकीट, विजेचे बिल, ई-मेल आणि मुलगा नागपुरात शिकत असेल तर त्याच्या कॉलेजचे पोर्टल. दहा-बारा पासवर्ड सहज होतात. प्रत्येकाची अट वेगळी. कुठे मोठे अक्षर हवे, कुठे आकडा, कुठे विशेष चिन्ह. आंबिया बहाराच्या ऐन धावपळीत अर्जाची शेवटची तारीख येते आणि नेमका तेव्हाच पासवर्ड आठवत नाही.

मग माणूस जे करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवला जातो. तो पॉकेट डायरीच्या शेवटच्या पानावर लिहिला जातो, किंवा फोनमध्येच ‘बँक’ या नावाने क्रमांक म्हणून जतन होतो. अनेकदा तर तो सेतू केंद्रातल्या मुलालाच सांगून टाकला जातो. याला निष्काळजीपणा म्हणण्याची पद्धत आहे. पण मेंदूचा अभ्यास वेगळे सांगतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६मध्ये मांडले की, माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी मनात धरू शकतो. नेल्सन कोवन यांनी २००१मध्ये तो आकडा चारच्या आसपास आणला. पासवर्डची अडचण याच्याही पुढची आहे. दीर्घकाळच्या स्मृतीत एकसारख्या गोष्टी एकमेकींच्या वाटेत येतात. पासवर्ड बदलला की बोटांना जुनाच आठवतो, बँकेचा रेल्वेला आणि रेल्वेचा बँकेला लागतो. हा वयाचा किंवा अडाणीपणाचा दोष नाही. अर्थहीन, एकसारखी आणि वरचेवर बदलणारी अक्षरे लक्षात ठेवण्यासाठी माणसाचा मेंदू घडलेलाच नाही.

यावर तज्ज्ञांनी सुचवलेला उपाय म्हणजे पासवर्ड मॅनेजर. ही फोनमधली एक तिजोरी असते. सगळे पासवर्ड तिच्यात कूटबद्ध स्वरूपात राहतात आणि माणसाने फक्त तिजोरीचा एक मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा. बाकीचे कितीही लांब आणि विचित्र असले तरी चालतात, कारण ते कुणाला पाठ करायचे नसतात. उपाय चांगला आहे. प्रश्न एवढाच उरतो, की तिजोरीतला पासवर्ड बँकेच्या ॲपमधल्या रिकाम्या चौकटीपर्यंत पोहोचायचा कसा?

त्याच्या तीन वाटा आहेत. पहिली, कॉपी करून पेस्ट करण्याची. ती सोपी आहे, पण कॉपी केलेला मजकूर फोनच्या क्लिपबोर्डवर पडून राहतो. अँड्रॉइडची दहावी आवृत्ती २०१९मध्ये येईपर्यंत, मागे चालू असलेले कुठलेही ॲप हा क्लिपबोर्ड गुपचूप वाचू शकत असे. आता ती मुभा पडद्यावर उघडे असलेले ॲप आणि निवडलेला कीबोर्ड यांनाच आहे. जुने फोन मात्र घरोघरी अजून चालू आहेत. दुसरी वाट ‘ऑटोफिल’ची, म्हणजे फोनने चौकट ओळखून पासवर्ड आपोआप भरण्याची. ही सोय अँड्रॉइडवर २०१७मध्ये आठव्या आवृत्तीपासून आली. आयफोनवर २०१८मध्ये ती बाहेरच्या पासवर्ड मॅनेजरांसाठी खुली झाली. पण चौकट नीट ओळखता आली नाही, तर ऑटोफिल गप्प बसते.

तिसरी वाट म्हणजे पासवर्ड मॅनेजरचा स्वतःचा कीबोर्ड. ‘कीपास२अँड्रॉइड’ या मोफत ॲपने तो दिला आहे, ‘कीपासडीएक्स’मध्ये त्याला ‘मॅजिकीबोर्ड’ म्हणतात. पासवर्डच्या चौकटीत बोट ठेवायचे, कीबोर्ड बदलायचा आणि त्यावरचे एक बटण दाबायचे. तिजोरीतला पासवर्ड थेट टाइप झाल्यासारखा चौकटीत उतरतो. क्लिपबोर्ड मध्ये येतच नाही. तांत्रिकदृष्ट्या ही कल्पना हुशारीची आहे. तरीही असा कीबोर्ड वापरून पाहणारे अनेक जण कुरकुरतात, काही जण तो काढून टाकतात. ही कुरकुर गांभीर्याने घ्यायला हवी.

या तक्रारी ढोबळपणे चार प्रकारच्या असतात. पहिली, कीबोर्ड बदलण्याचा त्रास: आधी नेहमीच्या कीबोर्डवरून या कीबोर्डवर या, काम झाले की परत जा, आणि परत जायला विसरले की व्हॉट्सॲपवर उत्तर लिहिताना समोर भलताच कीबोर्ड उभा. दुसरी, मुख्य पासवर्ड पुन्हापुन्हा मागण्याची. तिसरी, आपली भाषा नसण्याची आणि बटणे बारीक असण्याची. चौथी संशयाची: सगळे टाइप केलेले या कीबोर्डला दिसते, मग याच्यावर तरी विश्वास का ठेवायचा?

तंत्रज्ञांच्या जगात अशा तक्रारींना एक ठरलेले उत्तर असते: सुरक्षितता हवी तर थोडा त्रास सोसा. हे उत्तर चुकीचे आहे, हे दाखवूनही आता पंचवीस वर्षे उलटली. लंडनमध्ये ॲन ॲडम्स आणि अँजेला सास या संशोधकांनी संस्थांमधले कर्मचारी पासवर्ड कसे वापरतात याचा अभ्यास केला. १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाचे शीर्षकच ‘वापरकर्ते शत्रू नव्हेत’ अशा अर्थाचे होते. नियम जितके जाचक, तितक्या लोक पळवाटा शोधतात आणि शेवटी सुरक्षितता कमीच होते, हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा.

पासवर्डच्या कीबोर्डला हेच लागू आहे. कीबोर्ड बदलण्याचा कंटाळा आलेला माणूस सुरक्षितता सोडून देत असल्याचे कुठे जाहीर करत नाही. तो पुन्हा कॉपी-पेस्ट करू लागतो. मुख्य पासवर्ड वारंवार टाइप करून वैतागलेला माणूस तो छोटा करतो, स्वतःचे नाव आणि जन्मसाल एवढाच. म्हणजे ज्या तिजोरीत सगळे ठेवले, तिचेच कुलूप तकलादू होते. अशा वेळी तक्रार हा यंत्रणेत कुठे गळती आहे हे सांगणारा पहिला पुरावा असतो. ठिबकच्या नळीला एका झाडापाशी पाणी येत नसेल तर बागायतदार झाडाला दोष देत नाही, नळी तपासतो.

बारीक बटणांची तक्रार घ्या. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की फोन एका हातात धरून अंगठ्याने वापरताना बटण साधारण ९.२ मिलिमीटरचे असावे, म्हणजे चुका आटोक्यात राहतात. नेहमीच्या फोनचा पडदा रुंदीला साधारण ६५ ते ७० मिलिमीटर असतो आणि इंग्रजी कीबोर्डच्या एका ओळीत दहा अक्षरे बसवावी लागतात. म्हणजे एका बटणाच्या वाट्याला जेमतेम सहा-सात मिलिमीटर येतात. एरवी मजकूर लिहिताना ही उणीव शब्द सुचवणारी आणि दुरुस्त करणारी सोय भरून काढते. पासवर्डच्या चौकटीत ती सोय नसते. शिवाय टाइप केलेले अक्षर लगेच ठिपक्याआड जाते, त्यामुळे चूक कुठे झाली तेही दिसत नाही.

त्यात चाळिशी ओलांडलेली नजर. डोळ्यातले भिंग वयानुसार लवचिकपणा गमावते आणि जवळचे धूसर दिसू लागते, हे प्रत्येकाच्या वाट्याला येते. चष्मा घरी आणि माणूस बाजार समितीत, अशा वेळी बारा अक्षरांचा मुख्य पासवर्ड पहिल्या फटक्यात बरोबर पडेल अशी अपेक्षा ठेवणेच चूक. बोटाच्या ठशाने तिजोरी उघडण्याचा पर्याय असतो, पण वर्षानुवर्षे मातीत राबलेल्या, घासलेल्या आणि हिवाळ्यात भेगाळणाऱ्या बोटांचे ठसे यंत्राला नेहमीच उमटत नाहीत. रेशनच्या दुकानात हा अनुभव अनेकांनी घेतलेला आहे. म्हणजे ही तक्रार शरीराची आहे. तिला ‘सवय होईल’ असे उत्तर देता येत नाही.

भाषेचा मुद्दा तितकाच महत्त्वाचा. मराठी टाइप करण्याची सोय काही आपोआप आलेली नाही. भारतीय भाषांसाठी इनस्क्रिप्ट हा प्रमाण कळफलक १९८०च्या दशकात सरकारी पुढाकाराने ठरला. टचस्क्रीन आल्यावर आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्वरचक्र’ तयार केले. व्यंजनावर बोट ठेवले की त्याभोवती बाराखडीचे चक्र उमटते आणि बोट सरकवून काना-मात्रा निवडायची. शाळेत बाराखडी शिकलेल्या कुणालाही ते कळावे, हा विचार त्यामागे होता. कळफलक माणसाच्या ओळखीच्या गोष्टीवर उभा करता येतो, याचे हे घरचे उदाहरण.

पासवर्ड मॅनेजरच्या कीबोर्डांत मात्र मराठी लिहिण्याची सोय सहसा नसते. काहींत तर अक्षरेच नसतात, फक्त वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड भरण्याची बटणे. म्हणून मराठी लिहिणाऱ्याला कीबोर्ड बदलण्याचा फेरा जास्त पडतो: मराठीचा एक, इंग्रजीचा एक आणि तिजोरीचा तिसरा. इंग्रजीतच सगळे लिहिणाऱ्या माणसाला जी अडचण दिवसातून एकदा येते, ती काटोलच्या शिक्षिकेला पाच वेळा येते. तक्रारींचा कौल इंग्रजी लिहिणाऱ्यांकडूनच घेतला, तर हा फरक कधी दिसणारच नाही.

मग पासवर्डच मराठीत का ठेवू नये, असे कुणी विचारेल. आठवायला तर ते सोपे. पण त्यातही एक मेख आहे. ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा ‘र’ संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठवता येतो. एका कीबोर्डवर तो ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने बनतो, तर दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह यांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे पासवर्ड वाटतात. कीबोर्ड बदलला की खाते बंद! शिवाय अनेक संकेतस्थळे पासवर्डमध्ये देवनागरी स्वीकारतच नाहीत. मराठी वापरणाऱ्याची तक्रार ऐकल्याशिवाय असे खाचखळगे बाहेर कुणाच्या लक्षात येणार?

आता चौथी तक्रार, संशयाची. ती करणारा माणूस सर्वात शहाणा म्हणायला हवा. अँड्रॉइडमध्ये बाहेरचा कीबोर्ड सुरू करताना फोन स्वतःच सूचना देतो, की हा कीबोर्ड तुम्ही टाइप केलेला सगळा मजकूर, अगदी पासवर्ड आणि क्रेडिट कार्डाचे क्रमांकही, गोळा करू शकतो. बहुतेक जण न वाचता ‘ओके’ दाबतात. पण ही भीती पोकळ नाही. २०१६मध्ये ‘स्विफ्टकी’ कीबोर्डच्या काही वापरकर्त्यांना सुचवलेल्या शब्दांत अनोळखी माणसांचे ई-मेल पत्ते आणि फोन क्रमांक दिसू लागले. कंपनीला तेव्हा माहिती जुळवण्याची सेवा थांबवावी लागली. २०१७मध्ये ‘एआय.टाइप’ या कीबोर्डच्या सुमारे ३ कोटी १० लाख वापरकर्त्यांची माहिती असुरक्षित सर्व्हरवर उघडी पडलेली आढळली. एप्रिल २०२४मध्ये टोरंटो विद्यापीठातल्या ‘सिटिझन लॅब’ने नऊ कंपन्यांचे चिनी भाषेचे कीबोर्ड तपासले. त्यांपैकी आठ कंपन्यांच्या कीबोर्डांत टाइप केलेला मजकूर वाटेतच वाचता येईल असे दोष निघाले. हे दोष चिनी लिखाणाच्या सोयीतले होते, मराठीच्या नव्हेत. पण कीबोर्ड जेव्हा टाइप केलेले इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरला पाठवतो, तेव्हा काय होऊ शकते हे त्यातून कळते.

ज्यांनी हा संशय गांभीर्याने घेतला, त्यांनी उत्तरेही शोधली. आयफोनवर पासवर्डच्या चौकटीत बाहेरचा कीबोर्ड चालत नाही, तिथे फोनचा स्वतःचाच येतो. आपल्याकडे यूपीआयचा पिन टाकताना वेगळे अंकफलक दिसते, तेही नेहमीच्या कीबोर्डचे नसून राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने पुरवलेल्या प्रणालीचे असते. म्हणून तुमच्या कीबोर्डला तो पिन कळत नाही. ‘कीपास२अँड्रॉइड’ची एक ‘ऑफलाइन’ आवृत्ती आहे, जी इंटरनेटची परवानगीच घेत नाही. जो कीबोर्ड घराबाहेर पडूच शकत नाही, तो घरातले बाहेर सांगणार कसा? ‘आम्ही तुमची माहिती जपतो’ या आश्वासनापेक्षा हे उत्तर कितीतरी भक्कम आहे.

लोकांचे ऐकायचे म्हणजे त्यांचे सगळे मानायचे का, हा आक्षेप रास्त आहे. ‘मुख्य पासवर्ड काढूनच टाका’ अशी मागणी मान्य केली तर तिजोरी उघडीच राहील. ऐकणे म्हणजे मागणीमागची गरज ओळखणे. वारंवार पासवर्ड मागण्याच्या कटकटीवर ‘कीपास२अँड्रॉइड’ने काढलेला मार्ग इथे पाहण्यासारखा आहे. तिजोरी एकदा पूर्ण पासवर्डने उघडली, की पुढच्या वेळी त्याची शेवटची तीनच अक्षरे टाकायची. ती चुकली, की पुन्हा पूर्ण पासवर्ड. वापरणाऱ्याचा त्रास कमी झाला आणि कुलूपही शाबूत राहिले. तक्रारीला ‘हो’ किंवा ‘नाही’ यांच्या मधले उत्तर असते, आणि ते शोधणे हेच तंत्रज्ञाचे काम.

दुसरा आक्षेप असा, की सगळे एकाच तिजोरीत ठेवणे धोक्याचे. २०२२मध्ये ‘लास्टपास’ या नामांकित सेवेतून ग्राहकांच्या कूटबद्ध तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या, हे खरेच आहे. तिथे ज्यांचा मुख्य पासवर्ड लांब आणि वेगळा होता त्यांची तिजोरी फोडणे कठीण, ज्यांचा कमकुवत होता त्यांना धोका अधिक. म्हणजे मुद्दा पुन्हा तिथेच येतो: मुख्य पासवर्ड मजबूत ठेवणे लोकांना जमेल अशी व्यवस्था आहे का? आणखी एक मर्यादा सांगायला हवी. ऑटोफिल सहसा संकेतस्थळाचा पत्ता ताडून पाहते आणि बनावट पानावर पासवर्ड भरायला नकार देते. कीबोर्डवरून पासवर्ड भरताना मात्र ती खातरजमा बहुधा माणसालाच करावी लागते. म्हणून शक्य तिथे ऑटोफिल आणि ते अडेल तिथेच कीबोर्ड, हा क्रम बरा.

या सगळ्यात बँका आणि सरकारी पोर्टलांनाही आपली बाजू तपासावी लागेल. काही संकेतस्थळे आजही पासवर्डच्या चौकटीत पेस्ट करू देत नाहीत, ऑटोफिल अडवतात आणि दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावतात. हे सुरक्षेच्या नावाखाली चालते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१७मध्येच आपल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या. पेस्ट करू द्यावे, कारण नसताना ठरावीक काळाने पासवर्ड बदलायला लावू नये, चिन्हे आणि आकड्यांच्या किचकट सक्तीपेक्षा लांबीला महत्त्व द्यावे, असे त्यांत म्हटले आहे. चिन्हे-आकड्यांचा जुना आग्रह ज्यांच्या २००३च्या मार्गदर्शिकेतून जगभर पसरला, त्या बिल बर यांनीही त्याच वर्षी आपल्या सल्ल्याबद्दल खंत व्यक्त केली. सल्ला देणाऱ्याने तो मागे घेतला, तरी आपल्याकडची अनेक पोर्टले अजून त्यालाच धरून बसली आहेत. चौकटीशेजारी पासवर्ड दाखवणारे डोळ्याचे चिन्ह, पेस्टची मुभा आणि चूक काय झाली ते मराठीत सांगणारा संदेश, एवढ्या तीन गोष्टी केल्या तरी सेतू केंद्रातल्या माणसाला पासवर्ड सांगण्याची वेळ कमी येईल.

वापरणाऱ्यांनाही काही गोष्टी आजच करता येतील. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणते कीबोर्ड सुरू आहेत ते पाहावे. सुंदर रंगांसाठी किंवा स्टिकरसाठी कधीकाळी घेतलेला अनोळखी कीबोर्ड असेल तर काढून टाकावा. व्हॉट्सॲपवर ‘योजनेची यादी’ किंवा ‘ई-चलन’ म्हणून आलेली एपीके फाइल कधीही उघडू नये. फसवणूक झाल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. पासवर्ड मॅनेजर जमतच नसेल, तर घरच्या कपाटात ठेवलेली डायरी ही सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा केव्हाही बरी. दूरदेशी बसलेला चोर काटोलच्या कपाटापर्यंत पोहोचत नाही.

आणि जमत नसेल तर गप्प बसू नये, तसे लिहावे, मराठीतच लिहावे. ‘ॲप बेकार आहे’ एवढ्याने बनवणाऱ्याला काही कळत नाही. कोणत्या फोनवर, कोणत्या चौकटीत, काय करताना अडले आणि मग तुम्ही काय केले, हे चार ओळींत सांगितले तर कळते. त्यातही शेवटचा भाग सर्वात मोलाचा. ‘मग मी पासवर्ड कागदावर लिहून टाकला’ हे एक वाक्य बनवणाऱ्याला प्रयोगशाळेत बसून सापडणार नाही.

पासवर्ड मॅनेजर बनवणाऱ्यांनी, बँकांनी आणि सरकारी पोर्टलांनी अशा वाक्यांसाठी मराठीत वाचणारा माणूस नेमणे हा खर्च नव्हे. कूटलेखन कितीही पक्के असो, ते शेवटी भिंगाचा चष्मा शोधणाऱ्या, भेगाळलेल्या अंगठ्याने बारीक बटण दाबणाऱ्या माणसाच्या हाती सोपवायचे असते. त्याला जे पेलत नाही ते सुरक्षित नाही, एवढे जरी बनवणाऱ्यांनी मान्य केले, तरी पुढची आवृत्ती आजच्यापेक्षा बरी निघेल.